पाणंदीत रुततं, घाटात घसरतं: स्कॉर्पिओला कोणते टायर घालू?

नमस्कार काका,

मी जनावरांची डॉक्टर आहे. राहते फुलेवाडीत, काम करवीर, पन्हाळा, राधानगरी आणि गगनबावडा तालुक्यांतल्या गोठ्यांवर. गाडी २०१८ ची स्कॉर्पिओ, फोर बाय फोर नाही. ती बाबांची होती, दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. टायर २३५/६५ आर १७, गाडीबरोबर आलेलेच, ६२ हजार किलोमीटर झालेत. मागचे जवळपास गुळगुळीत. पुढचे बरे आहेत, पण डाव्या टायरची आतली कड झिजलीय. महिन्याला १८०० किलोमीटर होतात, त्यांतले तीनशेभर कच्च्या रस्त्याचे आणि पाणंदीचे. रात्री अडलेल्या म्हशीसाठी फोन आला की रस्ता कसा आहे हे विचारायला सुचतच नाही. गेल्या पावसाळ्यात दोनदा रुतले, एकदा ट्रॅक्टरनं ओढून काढावं लागलं.

आता घरात तीन मतं आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, २६५ मिलिमीटर रुंदीचे एमटी (चिखलाचे टायर) घाल, कुठंच अडकणार नाहीस. बाबा म्हणतात, दोनच नवे घे, ते पुढे घाल आणि पुढचे मागे टाक. दुकानदार म्हणतो, साधे एचटी (हायवेचे टायर) घ्या, बाकी सगळी फॅशन. जूनच्या आधी ठरवायचंय. आणखी एक, जुने टायर एक शेतकरी मुरघासाच्या (मुरवलेल्या चाऱ्याच्या) खड्ड्यासाठी मागतायत. देऊ का?

एक वाचक, फुलेवाडी

डॉक्टरताई,

पाऊस तोंडावर आलाय म्हणून आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. टायर मूळ मापाचेच घ्या. जात एटी, म्हणजे ऑल टेरेन, सगळ्या प्रकारच्या रस्त्यांची, पण डांबराकडे झुकणारी. स्टेपनी धरून पाच घ्या. आणि ते बसवायच्या आधी पुढच्या चाकांचं काम करून घ्या, कारण आतली कड खाणारी गाडी नवे टायरही तशीच खाईल.

तुम्ही किलोमीटरची फोड लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत 'ऑफरोड पण असतं' एवढंच असतं. तुमच्या १८०० पैकी १५०० किलोमीटर डांबरी, म्हणजे सहातले पाच भाग. पण हे डांबर कसलं? बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावड्याकडे निघालं की जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते कोरडं असं सापडतच नाही. कुठं शेतातलं पाणी आडवं वाहतं, कुठं झाडांखाली शेवाळ धरलेलं असतं. पुढं ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल मुख्य रस्त्यावर येतो, वर उसाचा पाला पडलेला. त्यावर पहाटेचं दव किंवा अवकाळीची एक सर पडली की साबण. रुतलात तर तास-दोन तास जातील आणि कपडे खराब होतील. ओल्या डांबरावर रात्री दोन वाजता ब्रेक लागला नाही तर काय होईल ते मी लिहीत नाही. म्हणून तुमच्या टायरची पहिली परीक्षा ओल्या डांबरावरची, पाणंदीची नंतर.

या हिशेबानं दुकानदार बराचसा बरोबर आहे. एचटी म्हणजे हायवे टेरेन. त्याची नक्षी दाट, रबर मऊसर, त्यावर बारीक चिरा असतात, आणि ओल्या डांबरावर तो साधारणपणे एटीपेक्षा लवकर थांबतो. आवाज कमी, डिझेलही थोडं कमी पितो. तुम्ही फक्त शहर ते कागल एमआयडीसी अशी ये-जा करत असता तर मी एका ओळीत एचटी लिहून मोकळा झालो असतो.

पण तुमचे उरलेले तीनशे किलोमीटर साधे नाहीत. गोठ्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर डबर टाकून ठेवलेलं असतं आणि त्यावर रोलर वर्षभर फिरत नाही. काळ्या दगडाच्या त्या धारा आणि तोडणी झालेल्या उसाचे तिरके कापलेले बुडखे, हे दोन टायरचे खरे वैरी. नक्षीत खिळा घुसला तर पंक्चर निघतं. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल फाटली तर टायर गेला, तिला पंक्चर काढणं हा उपाय नाही. कुणी आतून ठिगळ लावून देतो म्हणाला तरी घेऊ नका. एटीची नक्षी खोल, कडेचे ठोकळे जाड, आणि बऱ्याच एटीत ती जाडी साइडवॉलवर थोडी खाली उतरलेली असते. मुरुमाच्या चढावर, ओल्या गवतावर, लाल मातीच्या वळणावर एटी पकड सोडत नाही तिथं एचटी फिरत बसतो. या तीनशे किलोमीटरसाठी डांबरावरचा थोडासा तोटा सोसायला मी तयार आहे, फक्त तो थोडासाच राहील असा एटी निवडायचा.

तो दुकानात ओळखायचा कसा? टायर आडवा ठेवून मधल्या पट्ट्यावर बोट फिरवा. मधले ठोकळे एकमेकांना खेटून असावेत आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा असाव्यात. ओल्या रस्त्यावर याच चिरा धरतात. कडेचे ठोकळे मात्र मोकळे असू देत, त्यांच्यातल्या फटींतून चिखल बाहेर पडतो. मधे मोठ्या फटी आणि चिरा नावाला, असा टायर दिसायला कितीही रांगडा असला तरी ठेवून द्या. अपोलोचा अ‍ॅप्टेरा एटी २, योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी ही नावं विचारून बघा. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बाहेरच्या काही नावांची वाट बघत बसावं लागतं. तुम्हाला वाट बघायला वेळ नाही. आणि उद्या एकच टायर फाटला तर तोच टायर आठवड्यात कोल्हापुरात मिळायला हवा, ही कसोटी मला ब्रँडच्या नावापेक्षा मोठी वाटते.

साइडवॉलवर मापापुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. सध्याच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली उतरायचं नाही. अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. तेही मूळच्यापेक्षा खालचं नको. मापाच्या आधी एलटी छापलेला टायर कुणी 'जास्त दणकट' म्हणून पुढं केला तर नको म्हणा. ते हलक्या मालवाहू गाड्यांचे टायर, भिंती ताठ, त्यांना हवाही जास्त लागते. तुमच्या मागच्या सीटवर क्रायोकॅन, म्हणजे रेतनाच्या कांड्यांचा द्रवरूप नायट्रोजनचा कॅन, असतो, औषधांच्या बाटल्या असतात, त्यांना तो धक्का कशाला?

आता काळ्या मातीचं बोलू, कारण भावाचा सगळा मुद्दा तिथंच आहे आणि त्याच्या पोटातली काळजी खोटी नाही. तुम्ही दोनदा रुतलात त्या जागा बहुधा नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या असणार. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. चाक दोन फेरे फिरलं की नक्षीच्या फटी मातीनं गच्च भरतात, आणि मग टायर एचटी असो की एटी, बाहेरून तो गुळगुळीत गोळाच असतो. एटीनं ही पाणंद पार होईल अशी आशा ठेवू नका, हे मी टायर सुचवतानाच स्पष्ट सांगतो. एमटी, म्हणजे मड टेरेन, तिथं खरोखर उजवा आहे. त्याच्या फटी एवढ्या रुंद की चाक जोरात फिरलं की माती उडून जाते. पण तुमच्या गाडीत ताकद फक्त मागच्या चाकांना आहे. पुढची चाकं नांगरासारखी माती लोटत राहतात आणि मागचं एक चाक फिरलं की दुसरं गप्प बसतं. एमटी घालून तुम्ही आणखी पन्नास फूट आत जाल आणि तिथं रुताल, ट्रॅक्टरही यायला कुरकुरेल अशा जागी.

आणि त्या पन्नास फुटांसाठी मोजायचं काय? महिन्याचे १५०० किलोमीटर डांबर. एमटीचं जमिनीला टेकणारं रबर कमी, चिरा कमी, त्यामुळं ओल्या डांबरावर तो उशिरा थांबतो आणि वळणावर लवकर घसरतो. सततची घरघर वेगळीच. रात्रभर प्रसूती करून पहाटे परत येणाऱ्या माणसाला ती घरघर थकवते, याचाही हिशेब धरा.

२६५ चं तर काटेकोर गणितच मांडतो, भावाला दाखवा. २३५/६५ आर १७ ची उंची सुमारे ७३७ मिलिमीटर. २६५/६५ आर १७ ची सुमारे ७७६. म्हणजे चाक पाच टक्क्यांहून जास्त मोठं. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ नं चाललेली असेल. गाडी उचलली जाईल जेमतेम दोन सेंटिमीटर. उलट मोठं, जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागेल, चढाला पहिला गिअर लांब पडल्यासारखा वाटेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता. गोठ्यापुढच्या अंगणात गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्णच वळवावं लागतं ना?

मग काळ्या पाणंदीचं काय करायचं? फोनवर एकच प्रश्न विचारायची सवय लावा: "मुरूम कुठवर हाय?" शेतकऱ्याला बरोबर कळतं. मुरूम संपतो तिथं गाडी उभी करा, तोंड परतीच्या दिशेला करून. पुढं चालत, किंवा त्यांना ट्रॅक्टर घेऊन यायला सांगा. अडलेल्या म्हशीचा मालक नाही म्हणणार नाही. तरी रुतलातच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक पोटापर्यंत खाली जाईल. मागच्या दोन्ही चाकांपुढची माती खोऱ्यानं काढून उसाचं पाचट दाबून भरा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. आपल्या भागात पाचटाची कमतरता नाही, आणि ते काम करतं, मी कितीदा तरी बघितलंय. गाडीत एक छोटं खोरं, ओढायचा रुंद पट्टा आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप असू द्या.

तो पंप का, ते सांगतो. टायर बदलण्याइतकाच फरक हवेनं पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. दारावरच्या स्टिकरवर हवा किती ते लिहिलेलं असतं, ती सकाळी चाकं थंड असताना मोजायची. डबराच्या किंवा मुरुमाच्या रस्त्यावर हळू जायचं असेल तर पाच-सहा पॉइंट कमी करा. टायर दगडावर वाकतो, फाटत नाही, आणि जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. मऊ जमिनीत २० पर्यंत उतरायला हरकत नाही, त्याखाली नको, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. पण डांबराला लागायच्या आधी हवा परत भरायचीच. कमी हवेचा टायर पाणी साचलेल्या रस्त्यावर लवकर तरंगतो, आणि वेगात तापून फुटतोही. नायट्रोजन भरायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात तुम्हाला विचारतीलच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे द्रवरूप नायट्रोजन रोज हाताळणाऱ्या माणसाला मी काय सांगावं. आठवड्याला हवा तपासा, ती कुठलीही असो.

बाबांच्या सल्ल्याकडे येतो. पुढे नवे, मागे जुने, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुढचं चाक फुटलं तर गाडी हातात राहत नाही, अशी त्यामागची समजूत. पण ओल्या रस्त्यावर प्रकार उलटा होतो. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं झाल्याचं हाताला कळतं, पाय उचलला की गाडी सावरते. मागची घसरली तर गाडीचं शेपूट बाहेर जातं आणि सावरायला वेळच मिळत नाही. मी हे करूळ घाटात स्वतः भोगलंय. भर पावसात, पुढे कोरे टायर, मागे झिजलेले, उतारावरच्या वळणात गाडी आडवी झाली. समोरून कुणी आलं नाही म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून दोनच नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे घालतो आणि तसंच सगळ्यांना सांगतो.

तुमच्याकडे मात्र दोनचा प्रश्नच उरत नाही. मागच्या टायरच्या साइडवॉलवर बनावटीच्या तारखेचे चार आकडे १९१८ असे काहीसे असतील, म्हणजे २०१८ चा एकोणिसावा आठवडा. पुढचे दिसायला बरे आहेत, पण वय तेच. सहा वर्षांपुढं रबर कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. नक्षी बाकी आहे म्हणून टायर जिवंत आहे असं होत नाही. नक्षीचंही सांगतो. फटीत एक आडवा उंचवटा असतो, त्याला नक्षी टेकली की १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटार वाहन नियमांत तीच किमान मर्यादा आहे. पण आपल्या पावसाला १.६ पुरत नाही. तीन मिलिमीटर राहिली की नवे टायर शोधायला लागा. स्टेपनी तर आठ वर्षं लटकून राहिलेली, न चालता म्हातारी झालेली. रात्री एकट्या बाईमाणसानं तिच्यावर भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही. म्हणून पाच. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही आळीपाळीनं फिरवा, सगळे एकदम म्हातारे होतील आणि एकदमच बदलता येतील.

घेताना नव्या टायरवरचे ते चार आकडेही वाचा. सहा महिन्यांच्या आतले मिळाले तर उत्तम, वर्षापेक्षा जुने घेऊ नका. पाचही वेगवेगळ्या महिन्यांचे असले तर हरकत नाही. पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो बिलावर नीट लागलाय ना ते बघा, आणि बिल नसेल तर वॉरंटीचं भांडण कुठं घेऊन जाणार?

आतली कड झिजण्याचं कारण नुसतं अलाइनमेंट असेलच असं नाही. खराब रस्त्यावर चालणाऱ्या या गाड्यांत बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश, म्हणजे पुढची चाकं धरून ठेवणारे सांधे, सैल होतात. ते सैल असताना अलाइनमेंट केलं तर मशिनवर आकडे जुळतात आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतात. आधी गाडी जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि आडवं हलवून बघायला सांगा. खेळ असेल तर ते काम आधी, मग टायर, मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, याच क्रमानं. आणि नव्या टायरवरचा तेलकट थर जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. शक्य असेल तर मे महिन्याच्या कोरड्यातच बसवून घ्या, म्हणजे पहिल्या पावसाआधी ते मुरलेले असतील. तोवर घाटात पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा.

राहिले जुने टायर. मुरघासाच्या खड्ड्यावरचा कागद दाबायला टायर वापरतात हे खरं आहे. पण तुमचे मागचे दोन झिजून तारेच्या जवळ आलेत. उन्हात अशा टायरचं रबर सुटतं, आतल्या पोलादी तारेचे तुकडे गळतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात. जाळीपोटात तार रुतलेली म्हैस कशी कण्हते, पुढचे पाय फाकून कशी उभी राहते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. मागचे दोन देऊ नका, दुकानदाराला परत द्या. पुढचा डावाही नको, त्याच्या आतल्या कडेला तार उघडी पडलेली असू शकते. पुढचा उजवा आणि स्टेपनी नीट तपासा, कुठं चीर किंवा तार दिसत नसेल तर ते दोन द्यायला हरकत नाही. देताना पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोकं पाडून द्या, आणि ते टायर कुणी ट्रॉलीला चढवणार नाही हे त्या शेतकऱ्याकडून कबूल करून घ्या.